डावे मागचे चाक

आमच्या घरात मोटार आली ती २००१ साली. पांढरी मारुती ८००. अब्बा साखर कारखान्यात टाइमकीपर होते, निवृत्तीला तीन वर्षे उरली होती, आणि फंडातून कर्ज काढून त्यांनी ती घेतली. श्रीरामपूरच्या आमच्या मोहल्ल्यात तोवर मोटार म्हणजे लग्नात नवऱ्यामुलासाठी भाड्याने आणायची वस्तू. आमची गाडी आली आणि ती अर्ध्या गल्लीची झाली. कुणाची सून अडली, रात्री दोनला दार वाजले. कुणाचा मुलगा आखाताला निघाला, त्याला स्टेशनवर सोडा. (आमच्या गावाच्या स्टेशनचे नाव बेलापूर, मुंबईचे पाहुणे अजूनही गोंधळतात.) माझ्या दोन्ही बहिणींची रुखसती त्याच गाडीतून झाली. दादाजानची मय्यत आणायला नगरला गेलो तेही त्याच गाडीने.

एवढे सांगायचे कारण, जुनी गाडी विकायची की ठेवायची हा प्रश्न घरात निघाला, की तो फक्त पैशांचा राहत नाही.

अब्बा आता ऐंशीच्या घरात आहेत. ते जुम्म्याला मशिदीपर्यंत तेवढी गाडी चालवतात, एरवी मी. अम्मीच्या डोळ्यांत साखरेच्या आजाराने पाणी धरले. दर महिन्याला नगरला नेऊन डोळ्यात इंजेक्शन द्यावे लागते. श्रीरामपूर, राहुरी फॅक्टरी, राहुरी, विळद घाट, नगर. जाऊन-येऊन सव्वाशे-दीडशे किलोमीटर होतात. अम्मीला एसटीची पायरी चढवत नाही, आणि भाड्याची गाडी दर महिन्याला परवडत नाही.

गेल्या पावसाळ्यानंतर अब्बा एका शुक्रवारी घरी येऊन म्हणाले, “गाडी भारी चलरी.” एवढेच. मग मला दिसू लागले. लिटरला सतरा-अठरा किलोमीटर देणारी गाडी चौदावर आली. सपाट रस्त्यावर न्यूट्रल केली की आपसूक पुढे जायची ती दमल्यासारखी थांबायची. आणि एकदा अम्मीला घेऊन विळदजवळ चहाला थांबलो तेव्हा जळक्या चिंधीसारखा वास आला. अम्मीनेच आधी ओळखला. डोळे अधू झाले तसे तिचे नाक तिखट झाले आहे.

शहरातल्या एका मोठ्या वर्कशॉपमध्ये गाडी दाखवली. काच लावलेली खोली, संगणक, पाण्याची बाटली. अर्ध्या तासात छापील कागद हातात आला. क्लच प्लेट, मागच्या दोन्ही चाकांचे ब्रेक शू, दोन्ही व्हील सिलिंडर, हँडब्रेकची केबल, मजुरी, कर. सगळे मिळून १४ हजारांच्या पुढे. कागद देणारा तरुण भला होता. तो म्हणाला, “सर, एवढा खर्च करण्यापेक्षा भंगारात द्या. यातलं काहीतरी एक असेल, पण सगळंच बदललेलं बरं.” चाक मात्र कुणी वर उचलून पाहिले नव्हते.

भंगाराचा विषय तसा हवेतच होता. २०२१ मध्ये केंद्राचे जुन्या वाहनांचे धोरण आले. १५ वर्षांपुढच्या खासगी मोटारीची नोंदणी पुन्हा करायची फी आधी ६०० रुपये होती, ती एप्रिल २०२२ पासून ५ हजार झाली. आणि २० वर्षांपुढच्या मोटारीला २०२५ च्या ऑगस्टपासून १० हजार. आमच्या गाडीची मुदत २०२६ मध्ये संपत होती. त्यात गाडी अधिकाऱ्यासमोर उभी करून तपासून घ्यायची, म्हणजे हँडब्रेक लागला पाहिजे आणि सुटलाही पाहिजे. पुण्याहून धाकटा भाऊ फोनवर म्हणाला, “भाईजान, विकून टाका. अब्बांना सांगा, ॲपवर गाडी बोलावता येते.” श्रीरामपुरात रात्री दोनला ॲपवर काय येते ते त्याला ठाऊक नसावे. अब्बा काहीच बोलले नाहीत. संध्याकाळी ते गाडीवर कपडा मारताना दिसले.

दोन दिवसांनी त्यांनीच नाव काढले, ते नगरच्या उस्तादांचे. कारखान्याची जीप पूर्वी त्यांच्याकडे दुरुस्तीला जायची, तेव्हापासूनची ओळख.

नगरला असे उस्ताद का भेटतात, याचा मी पुढे विचार केला. हे शहर चाकांशी जुने जोडलेले आहे. १ जून १९४८ रोजी राज्य परिवहनाची पहिली बस धावली ती पुणे-नगर रस्त्यावर. चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र इथेच आहे. वाहननगरला लष्करी वाहनांवर संशोधन करणारी संस्था आहे आणि देशात नव्या मोटारींना चाचणीचा दाखला देण्याचा अधिकार असलेल्या संस्थांत तिची गणना होते. १९९४ पासून रणगाड्यांचे संग्रहालयही आहे; शाळेच्या सहली तिकडे जातात. पण मोहल्ल्यातल्या पोरांनी चाके शिकली ती संग्रहालयात नाही. लष्कराच्या लिलावात निघालेल्या जीपांखाली झोपून शिकली. उस्ताद त्यांतलेच. उर्दू चौथी झाली आणि वयाच्या अकराव्या वर्षी पाना हातात आला. तो आधी सायकलच्या दुकानात, मग गॅरेजमध्ये. नगरचे नाव २०२४ मध्ये सरकारी कागदांवर अहिल्यानगर झाले. उस्तादांच्या पत्र्याच्या शेडवर कुठलेच नाव नाही. लोक “उस्ताद का गॅरेज” विचारतात आणि पोचतात.

मी तो छापील कागद पुढे केला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून पाहिला, घडी घातली आणि परत दिला. “मास्तर, पैले चाक तो उठाके देखना था. पार्टां बाद में.”

पण त्यांनीही लगेच चाक उचलले नाही. आधी शेजारी बसून मला भिंगारकडच्या रस्त्याने चार-पाच किलोमीटर गाडी चालवायला लावली. परत येताना म्हणाले, आता ब्रेकवर पाय ठेवायचा नाही. लांबूनच वेग कमी करत, गाडी आपोआप थांबेल तिथे थांबू द्यायची. कारण विचारले तर म्हणाले की, पाय दाबला तर चारही चाके तापतील, मग कळायचे कसे कोण आपल्या गुणाने तापले आणि कोण ब्रेकने? गाडी थांबल्यावर ते उतरले आणि एकेका चाकाजवळ तळहाताची पालथी बाजू नेत गेले. हात लावला नाही, वीतभर लांबच धरला. पुढची दोन कोमट, मागचे उजवे गार. डावे मागचे असे, की त्यांनी हात चटकन मागे घेतला. क्लचचा प्रश्न तिथेच निकालात निघाला. क्लच घसरत असता तर चाक कशाला तापले असते?

शेडमध्ये आल्यावर चाक निवेपर्यंत त्यांनी गाडीला हात लावला नाही. चहा झाला. मग पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावले, गाडी पहिल्या गियरमध्ये टाकली, हँडब्रेक खाली केला आणि मागचा भाग जॅकवर उचलून खाली लाकडी ठोकळे दिले. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली ते हेल्परला जाऊ देत नाहीत. गियरबद्दल मला नवल वाटले. उस्तादांनी समजावले की मारुतीला ताकद पुढच्या चाकांवर आहे. गियर टाकला की पुढची चाके बांधली जातात आणि मागची मोकळी फिरतात. ॲम्बेसेडर किंवा जुनी फियाट असती तर उलटे. मागची चाके इंजिनाला जोडलेली, गियर टाकला तर ती फिरणारच नाहीत, आणि माणूस म्हणेल ब्रेक जाम आहे.

उजवे चाक हाताने फिरवले, ते दोन-अडीच वेढे फिरले. डावे अर्ध्या वेढ्यात थांबले, आतून खरखर आवाज आला.

आता खरे काम होते. डावे चाक कुणीतरी धरून ठेवले आहे, पण कुणी? उस्ताद पालथ्या डब्यावर बसले आणि त्यांनी बोटावर संशयित मोजले. दोन्ही चाके धरत असती तर दोष मधला, म्हणजे लिव्हरपाशी किंवा ब्रेकच्या मुख्य पंपात. एकच धरते आहे, तेव्हा दोष त्याच बाजूचा. त्या बाजूला तीनच गोष्टी: तेल, तार, आणि ड्रमच्या आतला संसार.

आधी लिव्हरजवळचा नट ढिला करून तार सैल केली. चाक तसेच. इथे बरेच मिस्त्री म्हणतात, तार सुटली तरी चाक धरते, म्हणजे तारेचा दोष नाही, उघडा ड्रम. उस्तादांनी मान हलवली. इकडच्या टोकाला तार सैल केली म्हणून तिकडच्या टोकालाही ती सैल झाली असे कुणी सांगितले? मधे कुठे अडकली असेल तर? तेव्हा तारेवरचा संशय राखून ठेवला आणि तेल पाहिले. चाकामागचा निपल अर्धा वेढा उघडला. आत दाब कोंडला असता तर ब्रेक ऑईलची चिळकांडी उडून चाक सुटले असते. रबरी पाइप आतून फुगला की असे होते, तेल पुढे जाते पण मागे येत नाही. इथे दोन-तीन थेंब ओघळले आणि चाक जागचे हलले नाही. तेल निर्दोष सुटले.

मग ड्रम. टोपी काढली, पिन काढली, मधला नट काढला, ड्रमला हलके ठोके देत तो बाहेर घेतला. आत काळी भुकटी होती. हेल्पर पोरगा, आष्टीकडचा, सोळा-सतरा वर्षांचा, तोंडाने फुंकायला वाकला. उस्तादांनी त्याची कॉलर धरून मागे ओढले. एवढ्या वेळात पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. साबणाचे पाणी आणि फडके आणवले आणि भुकटी ओल्याने पुसून घेतली.

त्याचे कारण त्यांनी नंतर सांगितले. त्यांचे स्वतःचे उस्ताद चाळीस वर्षे ड्रम फुंकत आले. तेव्हा तीच रीत होती. फुंकर नाहीतर हवेचा पाइप. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असायचे, त्याचा बारीक तंतू फुप्फुसात गेला की तिथेच राहतो आणि वीस-तीस वर्षांनीही जीव घेऊ शकतो. हे आता कुठेही वाचायला मिळते, पण त्या पिढीला कुणी सांगितले नाही. म्हातारपणी त्या उस्तादांना खोकला लागला. टीबीची औषधे झाली, दम्याची झाली, अजमेरची मन्नत झाली. खोकला कशाचा, ते शेवटपर्यंत कळलेच नाही. उस्तादही ठामपणे काही म्हणत नाहीत. एवढेच म्हणाले की, “सब गाड्यां का फॉल्ट निकालते थे वो. उन्का किसने नै निकाल्या.”

ड्रमच्या आत पाहिले तर शू जाग्यावर होते, स्प्रिंगा शाबूत, सिलिंडर कोरडा. डाव्या शूचे लायनिंग एका बाजूने झिजून चकचकीत झाले होते, पण अजून जाडी होती. शूला लागून जो छोटा लिव्हर असतो, ज्याला हँडब्रेकची तार ओढते, तो पुढे ओढलेल्या जागीच होता. उस्तादांनी पक्कडीने तारेचे टोक त्याच्यापासून सोडवले. टक् करून लिव्हर मागे गेला, शू मिटले. म्हणजे आतला संसार ठीक होता. त्याला बाहेरून कुणी ओढून धरले होते. मग त्यांनी तारेचे टोक माझ्या हातात दिले. “ढकलो मास्तर, अंदर.” मी ढकलली. तार वाकली, पण कवचात शिरेना.

खाली झोपून बॅटरीच्या उजेडात त्यांनी मला ती जागा दाखवली. मागच्या चाकाकडे वळताना तारेचे बाहेरचे कवच जिथे वाकते, तिथे वरचे प्लॅस्टिक तडकले होते. आमच्याकडे गळिताच्या हंगामात उसाच्या ट्रॉल्या शेतातला चिखल डांबरी रस्त्यावर आणतात, आणि पावसाळ्यात तर सगळीच राड. ते पाणी त्या तडीतून आत गेले, आतल्या तारेचे बारीक पेड गंजून फुगले. बाहेरून काही दिसत नाही.

मला एक कळेना. तार एवढी गच्च बसली होती तर हँडब्रेक लागत कसा होता? उस्तादांनी जे सांगितले ते मी तेव्हापासून शाळेत पोरांना सांगतो. तार ओढणारा हात माणसाचा आहे. अब्बांना घाटाची भीती, ते लिव्हर अशी ओढायचे की खांदा निखळावा. गंजलेली तारही त्या जोराने पुढे सरकते. पण तिला मागे नेणारे कोण? एक बोटभर स्प्रिंग. तिच्यात तेवढा दम नाही. म्हणून असा ब्रेक लागतो आणि सुटत नाही. आणि लागतो आहे म्हणून कुणाला संशयही येत नाही. कवचातून सरकणाऱ्या या तारेचे पेटंट बाउडेन नावाच्या माणसाने १८९६ मध्ये घेतले. सायकलच्या ब्रेकची तार तीच. उस्तादांनी अकराव्या वर्षी सायकलच्या दुकानात सर्वांत आधी जे शिकले ते तारेला तेल पाजणे. मारुती कंपनीने पहिली ८०० दिली १९८३ च्या डिसेंबरात आणि शेवटची काढली २०१४ च्या जानेवारीत. तेवढ्या तीस वर्षांत आतले पुष्कळ बदलले, पण हँडब्रेकची तार तारच राहिली.

चाक धरून राहिले तर नुसते पेट्रोल जाते असे नाही. तापलेल्या ड्रममधल्या सिलिंडरातले ब्रेक ऑईलही तापते. आपल्याकडचे नेहमीचे डॉट-३ ऑईल नवे असताना किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पण ते हवेतला ओलावा पिते, आणि ओलावा प्यायलेले १४० अंशालाही उकळू शकते. उकळले की त्यात वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पाय पेडलसकट खाली जातो. खाला पाथर्डीला असते. ईदला तिच्याकडे जाताना करंजी घाट उतरावा लागतो. अम्मी शेजारी बसते आणि तिच्या मांडीवर शीरखुर्म्याचा डबा असतो. पुढचे मी मनात आणले नाही.

नवी केबल संध्याकाळपर्यंत मिळाली. ती बसवताना उस्तादांनी आधी दोन्ही चाकांचे शू ड्रमला हिशेबाने जुळवले आणि मग तार आवळली. त्यांच्या मते निम्मे हँडब्रेक मिस्त्रीच बिघडवतात. शू झिजले की लिव्हर वर येते, आणि मिस्त्री शू जुळवायचे सोडून तारच आवळत बसतो. तार कायम ताणलेली राहिली की लिव्हर खाली असूनही ब्रेक अर्धवट लागलेला. आमचा त्यांनी सहा टिकटिकींवर ठेवला. अब्बांसाठी निरोप दिला की, सहाव्या टिकीला हात थांबवायचा, गाडी उभी करताना गियर टाकायचा, आणि पावसात चार-आठ दिवस गाडी हलणार नसेल तर हँडब्रेक न लावता चाकाला वीट लावायची. ओले लायनिंग ड्रमला गंजून चिकटते, तेव्हा तारेचा काही गुन्हा नसतो.

बिल झाले. केबल, ब्रेक ऑईल, ग्रीस, साबणाचे दहा रुपयेसुद्धा, आणि मजुरी ६००. सगळे मिळून १२०० च्या आत. मी तो कागद आणि १४ हजारांचा कागद शेजारी ठेवून पाहिला. त्या मोठ्या वर्कशॉपवर माझा राग नाही. तिथला पगार सुट्या भागांच्या विक्रीतून निघतो, आणि सगळे बदलले की दोषही त्यात जातोच. पण उस्तादांच्या कागदावर केबल बसवल्याची मजुरी होती. दिवसभर जे केले, एकेका संशयिताला बोलावून, विचारून, सोडून देणे, त्याचा एक रुपयाही नव्हता. डॉक्टर तपासायची फी घेतो, वकील नुसते बोलण्याची घेतो. आपल्या मोहल्ल्यांत निम्मी पोरे पाना धरून मोठी झाली, आणि आपणच त्यांना वस्तूचे पैसे देतो, अकलेचे नाही. मग त्यांची पोरे गॅरेजात कशाला येतील? उस्तादांची दोन्ही मुले पुण्यात कंपनीत आहेत. एक वेअरहाऊसमध्ये, एक सुरक्षेत.

मी हे सगळे बोललो आणि म्हणालो, उस्ताद, बिलावर एक ओळ वाढवा. त्याला नाव काय द्यायचे यावर आमची थोडी चर्चा झाली. मी निदान म्हणालो. ते म्हणाले, आमचे उस्ताद त्याला तशखीस म्हणायचे. त्यांचे वडील हकिमाकडे कामाला होते. त्यांनी कागद घेतला, उर्दूत सावकाश तो शब्द लिहिला, पुढे आकडा टाकायला पेन टेकवले आणि थांबले.

“मास्तर, जिस्का फॉल्ट मेरेकू नै मिलता, उस्कू क्या लिखू?”

“त्याचेही लिहा. वेळ तर गेलाच ना.”

ते हसले. फॉल्ट सापडला नाही तर गिऱ्हाइकाकडून चहासुद्धा घ्यायचा नाही, हे त्यांना त्यांच्या उस्तादांनी शिकवले होते. मी ५०० ची नोट पुढे केली. त्यांनी ती आष्टीच्या पोराच्या खिशात घातली आणि त्याला सांगितले की, ही बक्षिसी नाही, तोंडावर बांधायचे चांगले मास्क आण, दोन. शब्दापुढची जागा कोरीच राहिली. तो कागद माझ्याकडे आहे.

नोंदणीच्या तपासणीत अधिकाऱ्याने हँडब्रेक ओढायला लावला, सोडायला लावला आणि गाडी हाताने ढकलून पाहिली. फी १० हजार भरली. त्यावर भावाशी फोनवर पुन्हा वाद झाला. अम्मीची अजून तीन इंजेक्शने बाकी आहेत. विळदला थांबलो की मी उतरून चारही चाकांजवळ पालथा हात नेतो, आणि अब्बा सोबत असले की आतूनच विचारतात, “डावं मागचं?”